८४ दिवसांची फाइल आणि आठ वर्षांची फाइल

प्रति,
मा. गृहमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सामूहिक गोळीबाराच्या खटल्यांतील फाशी, दयेच्या अर्जांची हाताळणी आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७२.

महोदय,

१० एप्रिल २०२५ रोजी तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीत आणले गेले आणि लगेच एकच प्रश्न सगळीकडे ऐकू येऊ लागला: फाशी कधी? २६/११ च्या कटातला म्हणून आरोप असलेला माणूस सोळा वर्षांनी हाती लागला. त्याला काय विचारायचे, त्याच्या जबाबावरून आणखी कोणापर्यंत पोहोचता येईल, आधीच्या खटल्यातले कोणते धागे अर्धे राहिले आहेत, याची चौकशी करणारे फारच थोडे. खटला उभा राहण्याआधी दोर तयार.

आम्ही फाशीच्या खटल्यांचे कागद हाताळणारे वकील आहोत. पेपरबुक (अपिलाच्या कागदांचा संच) लावणे, दयेच्या अर्जाला जोडपत्रे जोडणे, तुरुंग अधीक्षकांच्या पत्रांना उत्तरे देणे, मंत्रालयात आवक-जावक क्रमांक शोधत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणे हे आमचे रोजचे काम. म्हणून ‘फाशी म्हणजे न्याय की सूड’ हा प्रश्न आमच्यापुढे व्याख्यानमालेचा विषय म्हणून येत नाही. तो तारखा, सह्या आणि गहाळ कागद या रूपात येतो, आणि त्याच रूपात आम्ही तो आपल्यापुढे ठेवत आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अजमल कसाब निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्याने काय केले ते छायाचित्रांत आहे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षीत आहे. हल्ल्यात १६६ माणसे गेली. विशेष न्यायालयाने ३ मे २०१० रोजी त्याला दोषी ठरवले, ६ मे रोजी फाशी सुनावली. २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमची हरकत आहे ती या सगळ्याभोवती सरकारने काय केले आणि काय केले नाही, त्याला.

पहिली तक्रार वेळेची. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींनी कसाबचा दयेचा अर्ज फेटाळला. नंतर त्याला आर्थर रोडहून येरवड्याला हलवले, २१ तारखेला सकाळी साडेसातला फाशी दिली. निकालापासून मोजले तर ८४ दिवस. एवढ्या दिवसांत तुरुंग, राज्याचा गृह विभाग, केंद्रीय गृह मंत्रालय, राष्ट्रपती भवन आणि तिथून उलट येरवड्यापर्यंत फाइल फिरून आली. मंत्रालयात साध्या पेन्शनच्या फाइलचा ज्याने कधी माग काढला असेल, त्याला या वेगाची किंमत कळेल.

आता त्याच गृह विभागाच्या दुसऱ्या फाइली पाहा. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी कायम केली. त्यांचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले जुलै २०१४ मध्ये. म्हणजे जवळपास आठ वर्षे. या उशिरासाठी मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. पुण्याच्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनाच्या प्रकरणात राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये अर्ज फेटाळला आणि फाशीचे वॉरंट निघाले एप्रिल २०१९ मध्ये. मधली जवळपास दोन वर्षे पत्रव्यवहारात गेली. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्या दोघांची फाशी ३५ वर्षांच्या कैदेवर आणली आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

या दोन फाइली इतक्या का रखडल्या आणि तिसरी का धावली? अडचणी काही गूढ नाहीत, आम्हाला तोंडपाठ आहेत. खटल्याचे कागद मराठीत, वरती हवे इंग्रजीत; भाषांतराला कोणाची नेमणूक नाही. तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल जोडलेला नाही म्हणून फाइल परत. वैद्यकीय अहवाल जोडला, पण तो दीड वर्ष जुना, पुन्हा परत. विधी व न्याय विभागाचा अभिप्राय मागवला, त्याला स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचे स्मरणपत्र. कक्ष अधिकारी बदलला की टिपणी नव्याने. अर्ज फेटाळल्याचा आदेश आला तरी सत्र न्यायालयाला जाणारे पत्र अर्धवट, मग न्यायालय विचारणार की अजून कुठला अर्ज बाकी आहे का, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे कोणाच्याच टेबलाचे काम नसणार. या प्रत्येक मुक्कामात फाशीच्या कोठडीत एक माणूस रोज सकाळी पावलांचा कानोसा घेत असतो, आणि दुसरीकडे ज्यांचे मूल गेले ते आई-बाप ‘काय झाले?’ म्हणून विचारत असतात. दोघांनाही उत्तर मिळत नाही.

लोकांच्या नजरेत असलेली फाइल ८४ दिवसांत हलते आणि नसलेली आठ वर्षे पडून राहते, तेव्हा वेग कायदा ठरवत नाही, लोकांचा राग ठरवतो. यालाच आम्ही सूड म्हणतो. शिक्षा कठोर आहे म्हणून ती सूड होत नाही. एकाच गुन्ह्याला एकच कायदा असताना कोणाचा दोर कधी ओढायचा हे गर्दीच्या आवाजावर ठरले की होते.

दुसरी तक्रार नव्या कायद्याची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत दयेच्या अर्जासाठी कलम ४७२ आले. अपील फेटाळल्याचे अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज. राज्यपालांनी फेटाळला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. राज्याचा अभिप्राय आणि तुरुंगाचे कागद मिळाल्यापासून ६० दिवसांत केंद्राने शिफारस करायची. राष्ट्रपतींचा आदेश ४८ तासांत राज्याला आणि अधीक्षकांना कळवायचा. वाचायला ठीक आहे. पण बारकाईने पाहा: कैद्यावर दिवसांचे बंधन आहे, केंद्रावरही आहे, राज्याने अभिप्राय किती दिवसांत द्यायचा, ते नाही. केंद्राचे ६० दिवस सुरूच होतात राज्याचा कागद पोहोचल्यावर. कोल्हापूरची आणि पुण्याची फाइल वाचलेल्या कोणीही सांगितले असते की भोक नेमके कुठे आहे. बुजवायला घेतले ते भलतेच.

आणि त्याच कलमाचे पोटकलम ७ म्हणते की राज्यपाल किंवा राष्ट्रपतींच्या आदेशाविरुद्ध कुठल्याही न्यायालयात अपील नाही आणि तो निर्णय कसा घेतला याची चौकशी न्यायालयाने करायची नाही. दयेचा निर्णय मर्यादित कारणांवर तपासता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात तर विनाकारण झालेला उशीर, मानसिक आजार, एकांतवास ही फाशी रद्द करण्याची कारणे म्हणून मान्य झाली. फाशीआधी १४ दिवसांची सूचना, नातेवाइकांना कळवणे, कैद्याला कागदांच्या प्रती देणे हेही त्याच निकालातले. त्याच्या वर्षभर आधी, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी, अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिल्याची बातमी साऱ्या देशाला कळली आणि घरच्यांना पाठवलेले स्पीड पोस्ट त्यानंतर पोहोचले. ज्या न्यायालयीन तपासणीमुळे असल्या गोष्टींना आळा बसला, तीच पोटकलम ७ बंद करू पाहते. चूक तुमच्या टेबलावर आणि दार न्यायालयाचे बंद, हा कुठला हिशोब?

तिसरी तक्रार आम्हाला सगळ्यात जास्त टोचते. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ ची नळी हातांनी धरून ठेवली. अंगात गोळ्या शिरल्या तरी सोडली नाही, म्हणून दहांपैकी एक जिवंत सापडला. बाकी नऊ मेले. कराचीहून आलेल्या बोटीची, प्रशिक्षणाची, फोनवरून हुकूम सोडणाऱ्यांची हकिकत सांगू शकेल असा तो एकच होता. एका पोलिसाने जिवाचे मोल देऊन पुरावा मिळवून दिला. त्या पुराव्याचे सरकारने काय केले?

तारखा लावून पाहा. पाकिस्तानातल्या खटल्यासाठी तिथला न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि दोन डॉक्टर यांचे जबाब झाले, पण उलटतपासणीला परवानगी नव्हती. त्या कारणावरून तिथल्या न्यायालयाने आयोगाचा अहवाल बाजूला ठेवला. मग दोन सरकारांची बोलणी झाली, उलटतपासणी मान्य झाली आणि आयोग पुन्हा आला सप्टेंबर २०१३ मध्ये. या दोन फेऱ्यांच्या मध्ये, नोव्हेंबर २०१२ मध्ये, कसाबला फाशी दिली. जून २०१२ मध्ये अबू जुंदाल हाती लागला होता. कराचीच्या नियंत्रण कक्षात तो बसला होता असा आरोप. त्याचा मुंबईतला खटला उभा राहायचाच होता. त्या खटल्यात कसाबला साक्षीदार म्हणून उभे करता आले असते की नाही, तो काय बोलला असता, खोटे बोलला असता का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. शक्यता होती, ती २१ नोव्हेंबरला येरवड्यात पुरली गेली.

उलट बाजू पाहा. हल्ल्याआधी ठिकाणांची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेत २०१० मध्ये गुन्हा कबूल केला. त्या करारात फाशी नाही आणि भारताकडे सुपूर्द करणे नाही, असे ठरले. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा आपल्याकडे संताप झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण हेडली जिवंत होता म्हणूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये जुंदालच्या खटल्यात मुंबईच्या न्यायालयाने माफीचा साक्षीदार म्हणून व्हिडिओवरून त्याची साक्ष नोंदवली. कट रचणारा जिवंत राहिला आणि त्याचा उपयोग आपल्यालाच झाला. गोळी झाडणाऱ्याला आपण फाशी दिली आणि त्याचे तोंड कायमचे बंद केले. तो जुंदालचा खटलाही २०१८ नंतर कागदपत्रांच्या वादात वर्षानुवर्षे थांबून राहिला. त्यासाठी मात्र कोणी ८४ दिवसांची निकड दाखवली नाही.

यात आणखी एक गंमत आहे, कडू गंमत. प्रत्यार्पण कायद्याच्या कलम ३४-सी नुसार, ज्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नाही तिथून आणलेल्या आरोपीला भारतात जास्तीत जास्त जन्मठेप होऊ शकते. १९९३ च्या स्फोटांत याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूरला फाशी झाली. पोर्तुगालहून हमी देऊन आणलेल्या अबू सालेमला २०१७ मध्ये जन्मठेप. स्फोटांची मालिका तीच, कायदा तोच. लांब पळालेला वाचतो, जवळ सापडलेला लटकतो. याला न्यायाचे माप म्हणायचे झाले तर ते माप विमानाच्या तिकिटावर ठरते.

चौथा मुद्दा चुकांचा, आणि तो २६/११ च्याच खटल्यातून देतो. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. त्यांनी ठिकाणांचे हाताने काढलेले नकाशे पुरवले, असा सरकार पक्षाचा आरोप. पुरावा काय? मारल्या गेलेल्या, कसाबच्या साथीदार अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला असे सांगितलेला एक नकाशा, आणि तो नेपाळमध्ये दिला-घेतला गेला तेव्हा आपण तिथे होतो असे सांगणारा एक साक्षीदार. विशेष न्यायालयाने तो कागद नीट पाहिला. गोळ्या लागून पडलेल्या माणसाचे कपडे रक्ताने भरलेले, आणि खिशातला कागद मात्र स्वच्छ. रक्ताचा डाग नाही, चुरगळल्याची खूण नाही. दोघे सुटले. सरकारने उच्च न्यायालयात अपील केले, हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले. न्यायाधीशांनी तो मुद्देमाल हातात घेऊन उजेडात धरला नसता, तर युद्ध पुकारल्याच्या कटाच्या आरोपात हे दोघेही फाशीच्या रांगेत उभे राहिले असते. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, कारण त्या दिवसांत शहराला जितकी नावे मिळतील तितकी हवी होती.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा ठरवली. त्यातल्या तिघांची जन्मठेप तर वाढवून फाशी केली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. तोवर सोळा वर्षे गेली होती. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सुटका ऐकायला त्यातला एक हयात नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली आहे आणि सरकारचे अपील तिथे आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण या पाच जणांच्या फाइली कोणी ८४ दिवसांत हलवल्या असत्या तर?

आता थोडे मागे जातो. फाशीच्या प्रत्येक निकालात एक शब्दप्रयोग येतो: समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी. ती हादरली की फाशी योग्य. १९८० च्या बच्चन सिंग निकालातल्या ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ या कसोटीला हे शेपूट जोडले १९८३ च्या मच्छी सिंग निकालाने. ते प्रकरण होते पंजाबातले: ऑगस्ट १९७७ च्या एका रात्रीत पाच गावांत फिरून, झोपलेल्यांवर हल्ला करून एका टोळीने १७ जणांना मारले, आणि कारण होते जुने कौटुंबिक वैर. सुडाने झालेल्या गोळीबाराला शिक्षा देताना जी कसोटी जन्मली, ती आज लोकांच्या रागाचे तापमान मोजायला वापरली जाते. आम्हाला हे विचित्र वाटते. तापमान मोजायला साधन कुठले? मोर्चा? वाहिनी? गावबंद?

उलट दुसरा निकाल फारसा कोणाला आठवत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम २७(३) मध्ये, प्रतिबंधित शस्त्राने माणूस मेला तर फाशीच, दुसरी शिक्षाच नाही, अशी तरतूद होती. आपल्या कायद्यात सरळ गोळीबाराला लावलेली सक्तीची फाशी ती हीच. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका जवानाने रायफलने आपल्याच वरिष्ठाला मारल्याच्या प्रकरणात १ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. परिस्थिती, मनःस्थिती, चिथावणी काही पाहायचेच नाही अशी शिक्षा घटनेत बसत नाही म्हणून. कसाबच्या फाशीच्या नऊ महिने आधीचा हा निकाल.

हे आज आठवायचे कारण म्हणजे ३१ जुलै २०२३ ची पहाट. जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका कॉन्स्टेबलने सरकारी रायफलमधून गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. त्याच दलातला एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी गेले. खटला चालू आहे, म्हणून दोषाबद्दल एक शब्दही बोलत नाही. प्रश्न सरकारला आहे. २० मे २०२२ च्या मनोज निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षेच्या वेळी उपयोगी पडणारी माहिती सरकारनेच आधीपासून गोळा करून ठेवावी: आरोपीचे मनोवैद्यकीय आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन, घरची स्थिती, शिक्षण, उत्पन्न, आधीचे वर्तन आणि तुरुंगातला ताजा अहवाल. मूल्यमापन गुन्ह्याच्या जवळच्या काळातले हवे, कारण पाच वर्षे कोठडीत काढलेल्या माणसाचे मन तपासून गुन्ह्याच्या पहाटे ते कसे होते हे कोण सांगणार? प्रत्यक्षात आमच्या हाती येतो तो तुरुंगाच्या डॉक्टरांचा एका ओळीचा शेरा: ‘प्रकृती ठीक’. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ही पद्धत पाळली गेली नसेल तर फाशीचा प्रश्न घटनेच्या कलम ३२ खाली (थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागून) पुन्हा उघडता येईल. म्हणजे आज तीन महिन्यांचे काम टाळायचे आणि दहा वर्षांनी सगळा डोलारा पुन्हा उभा करायचा.

बाहेरच्या देशांचे दाखले द्यायची आम्हाला हौस नाही, पण दोन द्यावेच लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत मुलांची कत्तल झाली. पाकिस्तानने फाशीवरची स्थगिती उठवली, आधी फक्त दहशतवादाच्या गुन्ह्यांसाठी. मार्च २०१५ पर्यंत ती सगळ्याच गुन्ह्यांसाठी उठली आणि त्या एका वर्षात तीनशेहून जास्त माणसे फाशी गेली. एका गोळीबाराच्या रागाने उघडलेले दार भलत्यांनाच गिळत गेले. दुसरा दाखला टेक्सासमधल्या एल पासोचा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या दुकानात २३ जण मारले गेले. मार्च २०२५ मध्ये सरकारी वकिलांनी फाशीची मागणी सोडली, कारण मृतांच्या घरच्यांना वर्षानुवर्षांच्या तारखा संपवायच्या होत्या. पुढच्याच महिन्यात आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्याला मरेपर्यंत कैद झाली. सगळी कुटुंबे असेच मागतील असे नाही. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत मुले गमावलेल्या पालकांपैकी अनेकांना जन्मठेपेचा निकाल असह्य झाला, आणि त्या राज्याने फाशीसाठी बारापैकी आठ ज्युरी पुरे, असा कायदाच बदलून टाकला. पण एल पासोत निदान कुटुंबांना विचारले तरी गेले.

आपल्याकडे त्यांच्या नावाने फाशी मागितली जाते आणि बाकी बाबतीत त्यांना रांगेत उभे केले जाते. कसाबला न्यायालयात ओळखणारी एक साक्षीदार हल्ल्याच्या वेळी नऊ वर्षांची होती, पायाला गोळी लागलेली. पुढे कबूल केलेल्या घरासाठी तिला उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. फाशी २०१२ ला झाली. घराचा वाद २०२० नंतरही न्यायालयात होता.

कायदा आयोगाने ३१ ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी फाशी बंद करण्याची शिफारस केली. त्याच अहवालात, दहशतवादाला वेगळे वागवायला शिक्षाशास्त्राचा आधार नाही, असेही लिहिले आहे. आमच्या मते अपवाद नेमका उलटा निवडला. मरायलाच आलेल्या फिदायीनला फाशीची भीती कसली घालता? त्याला जिवंत, बोलता ठेवण्यात आपला फायदा आहे, आणि सुटकेची आशा नसलेली जन्मठेप देण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने २००८ आणि २०१५ च्या निकालांनी करून ठेवली आहे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. कलम ४७२ चे पोटकलम ७ काढून टाकावे आणि राज्याने अभिप्राय व कागद किती दिवसांत पाठवायचे याची मर्यादा त्याच कलमात घालावी.

२. पुण्याच्या प्रकरणातल्या ९ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितलेला दयेच्या अर्जांचा स्वतंत्र कक्ष महाराष्ट्रात कोणत्या आदेशाने स्थापन झाला, त्याचा प्रमुख कोणत्या पदावरचा अधिकारी, त्यात विधी व न्याय विभागाचा कोण, हे जाहीर करावे. प्रत्येक अर्जाची तारीखवार नोंद कैद्याचे नाव झाकून प्रसिद्ध करावी: आला कधी, परत गेला कधी, कोणत्या कागदासाठी. वॉरंट आणि फाशी यांत पूर्ण १५ दिवस ठेवण्याची अट पाळली गेली का, हेही त्यात असावे.

३. कटातल्या इतर आरोपींचे खटले देशात किंवा परदेशात चालू असेपर्यंत कोणत्याही दोषीला फाशी देऊ नये. दरम्यान त्याची साक्ष उलटतपासणीसह चित्रित करून ठेवावी. ही अट राणाच्या खटल्यापासून लागू करावी, निकाल काहीही लागो.

४. गोळीबाराच्या प्रत्येक खटल्यात अटकेपासून ९० दिवसांत सरकारी मनोरुग्णालयाच्या मंडळाकडून मूल्यमापन व्हावे. एका ओळीचा शेरा चालणार नाही.

५. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवर एक कर्तव्य घातले आहे: आरोपीला पहिल्यांदा हजर केले तेव्हाच, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, हे त्याला समजेल असे सांगणे. ते कोणत्या भाषेत सांगितले याची नोंद रोजनाम्यात दिसली पाहिजे. पोलीस हजेरीच्या नमुन्यात तसा रकाना छापावा. याला कायदा बदलावा लागत नाही, छापखाना लागतो.

६. २६/११ सह सामूहिक हल्ल्यांतल्या जखमींची आणि वारसांची एकच यादी करावी: कोणाला घर कबूल केले, कोणाला नोकरी, कोणाचे औषधपाणी चालू, काय दिले, काय राहिले. दरवर्षी २६ नोव्हेंबरला पुष्पचक्र वाहण्याआधी ती विधिमंडळापुढे ठेवावी.

७. २६२ व्या अहवालावर सरकारची भूमिका काय, हे संसदेत लेखी सांगावे. सहमत नसाल तर तसे लिहा, कारणांसह.

या पत्राची प्रत नोंद डाकेने दोन्ही कार्यालयांना पाठवत आहोत. उत्तर देताना कृपया आवक क्रमांक टाकावा, म्हणजे फाइल कुठे आहे हे आम्हाला शोधता येईल.

आपले,
फाशीच्या खटल्यांचे कागद हाताळणारे काही वकील
मुंबई आणि नागपूर